बिनभिंतीच्या दारात चार तास

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

सोमवार, दुपार.

चिरंजीव ज्योतिबा यास, मुक्काम कटक, थोरला चुलतभाऊ नाथाजी याचा आशीर्वाद पोचावा.

(चिरंजीव लिहिताना पेन जरा अडखळलं. तू अडुसष्ट वर्षांचा झालास, कवळी बसवलीस, आता नातवासाठी मुली बघतोयस. पण सहा वर्षांनी धाकटा तो धाकटाच. धाकट्यानं थोरल्यावर रागवायचं नसतं, एवढं आधी सांगून ठेवतो. पुढं उपयोगी पडेल.)

तुझी तब्येत कशी आहे? भट्टीपुढं बसून बसून डोळ्यांची आग होते म्हणाला होतास, त्यावर काकडीच्या चकत्या ठेव. सौ. धोंडुबाईंचा बीपी उतरला का? उतरला नसेल तर हे पत्र त्यांच्या हाती देऊ नकोस. उतरला असेल तरी देऊ नकोस. इकडं आम्ही सगळे आहोत. ‘खुशाल आहोत’ असं लिहिणार होतो, पण ते खात्रीनं लिहवत नाही, त्यामुळं नुसतं ‘आहोत’ एवढंच खरं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मला निम्मं आठवत नाही आणि उरलेलं निम्मं रंगूबाई मधेच सांगून टाकते.

तर ज्योतिबा, बसून वाच. गेल्या गुरुवारी तुझ्या या चौऱ्याहत्तर वर्षांच्या भावाला सातारा शहरात, राजवाड्यापुढच्या मैदानात, भर उन्हात, बिनटोपीचं, दहा ते दोन बसवलं होतं. कुणी? पोलिसांनी नाही. सख्ख्या नातीनं. आणि त्याला म्हणे कला म्हणतात.

आता हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू म्हणशील नाथाजीला चळ लागला.

आमच्या मागच्या अंगाला खोली आहे ना, जिथं कडबाकुट्टीचं मशीन होतं, ती गेल्या वर्षी आम्ही भाड्यानं दिली. बैकुंठ बेहेरा नावाचा माणूस, तुझ्याच ओडिशाचा. विट्यात यंत्रमागावर काम करतो. बरोबर बायको झुनू. मी पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, आमच्या ज्योतिबाला ओळखतोस का, कटकला गलाईचं दुकान आहे, पंचेचाळीस वर्षं सोनं-चांदी वितळवतोय. तो म्हणाला, नाही. मला तेव्हाच त्याच्याविषयी शंका आली. (क्रांती म्हणते त्याचं गाव कटकपासून दोनशे मैलांवर आहे. असेल. पण माणसानं निदान आठवून बघायला काय हरकत होती?) शंका सोडली तर माणूस सरळ. सकाळी सहाला जातो, संध्याकाळी येतो, आला की अंगण झाडतो. आपल्या पोरांना अंगण कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नाही. झुनूला सातवा महिना लागलाय. रंगूबाई आणि ती दिवसभर बोलत बसतात. हिला तिची भाषा येत नाही, तिला हिची येत नाही, तरी दोघींचं बोलणं संपत नाही. आमच्या लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, एकच भाषा आहे, आणि जेवायच्या पलीकडं बोलणं जात नाही.

आता मुद्दा असा की गेल्या महिन्यात गावात एका विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. लगेच ग्रामसभा बसली आणि ठराव झाला की बाहेरच्या माणसांना खोल्या दिल्यात त्या सगळ्या महिन्याच्या आत रिकाम्या करायच्या. (केबल नंतर सरपंचांच्या चुलत्याच्याच गोठ्यात सापडली. पण ठराव झाला तो झाला. केबल सापडली म्हणून ठराव हरवत नाही.) पुढच्या सभेत ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं, खोली रिकामी केली. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मला गावाची भीती वाटते. रात्रंदिवस तेच डोक्यात. रंगूबाईला म्हटलं, तू त्यांना सांग. ती म्हणाली, “सातव्या म्हैन्यात? म्या न्हाई सांगायची. तुमच्या तोंडाला काय कुलूप हाय? तुमी सांगा.” म्हणून मी सांगायला गेलो. पहिल्यांदा गेलो आणि नळाला पाणी येतंय का विचारून आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा लिंबाचं लोणचं देऊन आलो. तिसऱ्यांदा झुनूनंच चहा ठेवला, तो पिऊन आलो.

अशात आपली क्रांती सांगलीहून आली. माझ्या धैर्यशीलची थोरली, चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. (चित्र काढताना मी तिला कधी पाहिलेलं नाही.) ठराव ऐकून ती माझ्यावर जी तापली, ती तापली. मग थंड झाली आणि म्हणाली, “आबा, सौदा करूया. एक दिवस तुम्ही माझ्या परफॉर्मन्समध्ये बसायचं. चार तास तोंडातून शब्द काढायचा नाही. बसलात, तर बैकुंठदादांना मी सांगते खोली सोडायला. बोललात, तर तुमचं तुम्ही सांगायचं.”

परफॉर्मन्स म्हणजे काय ते मी तुला सांगू शकणार नाही. नाटक नव्हे, तमाशा नव्हे, उपोषणही नव्हे. माझं तिन्ही विचारून झालं. पण ज्योतिबा, खरं सांगतो, नुसतं बसून राहिलं की ते अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात जातंय म्हटल्यावर मला ते फार सोपं वाटलं. आयुष्यभर मी तेच करत आलोय.

गुरुवारी भल्या सकाळी पोहे खाऊन निघालो. घरी सांगितलं, डोळे तपासायला चाललोय. साताऱ्यात पोचल्यावर पहिला धक्का बसला: क्रांतीनं माझी टोपी मागितली. मी म्हटलं, धोतर सोड म्हणालीस तरी एक वेळ चालेल. ती म्हणाली, ते पण सोडायचंय. धोतराच्या जागी ढगळ पँट, अंगात रंग उडालेला शर्ट, पाठीशी एक बोचकं आणि गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर ओडिया अक्षरं, सगळी गोल गोल, जिलेब्या तळून ठेवल्यासारखी. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, “खोली पाहिजे.” आणि लिहून कुणाकडून घेतली होती? बैकुंठकडून! त्यानं बिचाऱ्यानं आदल्या दिवशी कामावरून आल्यावर, हात धुऊन, पट्टी लावून लिहून दिली होती. कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं. मी झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेत स्वतःला बघितलं आणि बाजूला सरकून त्या माणसाला वाट दिली.

मैदानात तिच्या मैत्रिणींनी एक दार उभं केलं होतं. नुसतं दार. भंगारातून आणलेली जुनी चौकट, दोन फळ्या, कडी, खाली उंबरा. भिंत नाही, छप्पर नाही, मागं पुढं मोकळं मैदान. मी एका बाजूला, म्हणजे बाहेर बसायचं आणि कडी वाजवायची. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पलीकडं, म्हणजे घरात उभं राहायचं. वाटलं तर दार उघडून मला आत घ्यायचं, वाटलं तर कडी लावायची. क्रांती समोरच्या गच्चीवर कॅमेरा घेऊन बसली. काही झालं तरी मी मधे येणार नाही म्हणाली, आणि पोरगी शब्दाला जागली.

पहिला माणूस आला त्यानं चौकट ठोकून बघितली आणि विचारलं, सागवानी हाय का, कुठल्या साइजमध्ये मिळतील. दुसरा त्याला म्हणाला, घेऊ नका, खालनं वाळवी लागलीय. मग शेजारी फुलं विकायला बसलेली एक बाई तरातरा उठून आली. तिला राहवलंच नाही. “उंबरा असा मोकळा ठेवत्यात व्हय गं? घर हाय का काय हाय?” असं त्या मैत्रिणींना झापून तिनं उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं, वर झेंडूची माळ सोडली. झालं! उंबऱ्याला कुंकू लागल्यावर आपला माणूस पायताण घालून आत जाईल का? जो तो चपला काढून आत जायला लागला. आणि चपला ठेवायच्या कुठं? बाहेर. बाहेर कोण? मी. तासाभरात माझ्या दोन्ही बाजूंना चपलांचे ढीग लागले. एका गृहस्थानं बूट माझ्या मांडीवर ठेवून नंबर मागितला. नंबर देत नाही म्हणून चिडला आणि म्हणाला, ह्यांना ठेवतं कोण कामावर? ज्योतिबा, मला बोलायची बंदी होती. नाहीतर साताऱ्यात खून झाला असता. (म्हणजे मी केला असता असं नाही, पण कुणीतरी माझा केला असता.)

पण चपलांचं काहीच नाही. आत उभं राहून माणसं जे बोलत होती ते ऐक. एक निवृत्त फौजी आला, छाती पुढं काढून विचारलं, “किधर का है? आधार कार्ड दिखाव.” कडी लागली. एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, फॅमिली आहे का? मटण-मासे आमच्यात चालत नाही हं. कडी. एक माझ्याच वयाचा म्हातारा बराच वेळ फटीतून बघत राहिला आणि बायकोला म्हणाला, “माणूस चांगला दिसतोय गं, पण शेजारपाजारचे काय म्हणतील?” त्यानं फार हळू कडी लावली, आवाज होऊ नये म्हणून. ती मला सगळ्यात जास्त लागली. सव्वा अकरापर्यंत कडी बत्तीस वेळा लागली आणि माझ्यासाठी दार तीन वेळा उघडलं. त्यात दोनदा वाऱ्यानं, आणि एकदा एकाला एसटी स्टँडचा रस्ता विचारायचा होता.

आणि माझ्या हळूहळू ध्यानात आलं की हे सगळे प्रश्न मी बैकुंठला विचारले होते. ह्याच क्रमानं. त्याशिवाय एक जास्तीचा विचारला होता, ज्योतिबाला ओळखतोस का.

तुला आठवतं का, तू कटकला गेलास तेव्हा पहिलं पत्र पाठवलं होतंस, सतरा दारं फिरलो, कुणी उभं करत नाही, शेवटी एका म्हातारीनं पडवीत झोपू दिलं? ते पत्र मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं काकूला. काकू रडली, आणि आम्ही सगळे जण मिळून त्या सतरा दारांना शिव्या घातल्या होत्या, काय माणसं आहेत का जनावरं म्हणून. मी सगळ्यात मोठ्यानं. चपलांच्या ढिगात बसून मला ते आठवलं आणि असा दचकलो की हातातली कडी आपोआप वाजली.

एवढ्यात आप्पासो उगवले. आप्पासो म्हणजे आमचे व्याही, धैर्यशीलचे सासरे, कराडकडचे. कोर्टाच्या तारखेला आले होते. ते आधी चपला काढून रीतसर आत गेले, दार उघडलं, म्हणजे उघडणारे तेच एक खरे निघाले, आणि मला बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“आवं पाव्हणं! नाथाजीराव! ही काय दशा?”

मी गप्प.

“आवं बोला की! टोपी कुठाय तुमची?”

मी गप्प. डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी डोळ्यांतून पाण्याशिवाय काही निघत नाही. आणि ते पाणी बघून आप्पासोंनी तिथंच कपाळावर हात मारला. बोचकं बघितलं, उघडं डोकं बघितलं, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट जुळली: जावयानं बापाला घराबाहेर काढला आणि त्या धक्क्यानं म्हाताऱ्याची वाचा गेली. त्यांनी फोन काढला. फोनवर ते ज्या आवाजात बोलतात, तो तुला तिकडं कटकला ऐकू आला नाही याचंच नवल. “म्हातारा साताऱ्यात उघड्यावर हाय! डोक्याला टोपी न्हाई, तोंडाला वाचा न्हाई! आन् तुमी भावकी काय करताय, आं?” गर्दी वाढली. बाया पदर तोंडाला लावून बघायला लागल्या. फुलवालीनं मला फुकट गजरा दिला. मी गच्चीकडं बघितलं, तर क्रांतीनं मला अंगठा वर करून दाखवला.

मी तिथंच बोलून मोकळा का झालो नाही, असं तू विचारशील. ज्योतिबा, बोललो असतो तर बैकुंठला मलाच सांगावं लागलं असतं. व्याह्यांच्या पुढं लाज परवडली.

सव्वा एक वाजता जीप आली. आपल्या तिन्ही आळ्यांमधली भावकी, एका जीपमध्ये चौदा माणसं. मधे रंगूबाई, अर्धवट शुद्धीत. फोन आला तेव्हा ती अंगणातच खाली बसली होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून झुनूनं तिला उचललं होतं. जीपमध्येही हिचं डोकं झुनूच्या खांद्यावर. बैकुंठ निरोप ऐकून माग बंद करून आला होता, तो मागच्या फळीवर लोंबकळत. आणि धैर्यशील, त्याला तर दोघांनी दोन्हीकडनं धरून आणलेला, चोर धरून आणावा तसा. तो बिचारा ओरडत होता, “म्या कुठं काढलाय त्येंला? सकाळी पोहे खाऊन गेल्यात त्ये!” कुणी ऐकायला तयार नाही. पोहे घालून बाहेर काढलं म्हणजे तर जास्तच वाईट, असं थोरल्या आळीच्या पुतण्याचं म्हणणं पडलं.

मग ती सगळी भावकी चपला काढून त्या दाराच्या आत शिरली, कारण आतल्या बाजूला झाडाची सावली होती. मी बाहेर. आणि तिथं उभ्या उभ्या बैठक सुरू झाली की म्हाताऱ्याला आता ठेवायचा कुणी.

हे जे मी ऐकलं ते देवानं वैऱ्यालाही ऐकवू नये. थोरल्या आळीचा पुतण्या म्हणाला, “आबा आमचंच हायती, पर आमच्यात जिना चढाय लागतो.” मधल्या आळीचा म्हणाला, “आमी कवाच नेलं आसतं, खरं आमची म्हस याय झालीय.” त्यात माझा आणि म्हशीचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही. तिसरा म्हणाला पोरीची दहावी आहे. आप्पासो म्हणाले, पोरीच्या सासऱ्याला घरात ठेवून घेतला तर लोक शेण घालतील तोंडात. प्रत्येक जण आधी “आमचंच हायती” म्हणायचा आणि मग “पर” म्हणायचा. आणि बोलता बोलता कुणाचा तरी धक्का लागला की कुणी मुद्दाम केलं, देव जाणे, पण मधल्या दाराची कडी लागली. तेहतिसावी.

माझीच माणसं. ज्यांच्या लग्नांत मी अक्षता वाटल्या, ज्यांच्या बापांना खांदा दिला.

तेवढ्यात बैकुंठ आला. दारातून नाही आला. बाजूनं आला. भिंत नव्हतीच रे, दारावरून वळसा घालायला दोन पावलं लागत होती. साडेतीन तासांत हे एकाही माणसाला सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही. तो माझ्यापुढं उकिडवा बसला, खांद्यावरचा गमछा काढून माझ्या डोक्यावर टाकला, बाटलीतलं पाणी पाजलं. मग गळ्यातल्या पाटीकडं त्याचं लक्ष गेलं. स्वतःचंच अक्षर. त्यानं ते वाचलं, उठला आणि दारापलीकडच्या चौदा जणांना म्हणाला,

“बाबा हमारे पास रहेगा. खोली हाय.”

मग त्यानं दोन्ही हात लांब करून दाखवलं, “एक खाट बसता है.”

ज्योतिबा, मी चार तास गप्प बसणार होतो. चपला सोसल्या, व्याही सोसले, म्हैस सोसली. पण हे ऐकल्यावर माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते मी ठरवून बोललो नाही.

“आरं, ती खोली माझीच हाय!”

असा गलका उठला म्हणतोस! “बोलला! बोलला! वाचा आली!” फुलवालीनं माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. आप्पासोंनी सिद्धनाथाला नवस बोलून टाकला. लोक टाळ्या वाजवायला लागले. क्रांती गच्चीवरून धावत आली, डोळ्यांत पाणी, म्हणाली, “आबा, काय शेवट केलात!” मी कुठला शेवट केला होता? मी हादरलो होतो. घड्याळात दोनला बारा मिनिटं कमी होती. मी सौदा हरलो होतो, आणि बैकुंठला सांगायचं काम परत माझ्याच गळ्यात आलं होतं.

क्रांतीनं मग भावकीला सगळं समजावून सांगितलं. समजल्यावर कुणी हसलं नाही. येताना जीपमध्ये कुणी कुणाकडं बघत नव्हतं. (त्यानंतर चार दिवसांत तिन्ही आळ्यांतून आमच्याकडं आमटी येतेय. आमची पोटं बिघडली, पण परत पाठवायचं धाडस होत नाही. मधल्या आळीची म्हैस व्याली, तर खरवस पहिला आमच्याकडं आला.) बैकुंठ माझ्या शेजारी बसला होता, माझं बोचकं मांडीवर घेऊन. त्या बोचक्यात क्रांतीनं नुसते जुने पेपर भरले होते, पण तो ते असा धरून बसला होता, जसं काही त्यात माझा जीव आहे. मी विटा येईपर्यंत मनात घोकत होतो, बैकुंठ, असं आहे बघ, गावाचं असं म्हणणं आहे. घर आलं. मी म्हटलं, “बैकुंठ…” तो म्हणाला, “बाबा?” मी म्हटलं, “उतरताना जपून.”

काल रविवारी ग्रामसभा झाली. बैकुंठ आणि झुनू इथंच राहणार, बाळंतपण इथंच होणार, असं एकमतानं ठरलं. कसं ठरलं ते लिहीत बसत नाही, कारण पान संपत आलं. तू काळजी करू नकोस. मी करतोय तेवढी दोघांना पुरेल. मुलांना आशीर्वाद, धोंडुबाईंना नमस्कार.

तुझा थोरला भाऊ,
नाथाजी

ता. क. — क्रांतीच्या वहीतलं एक पान मिळालं, तेव्हा कसं ठरलं ते लिहितो. सभेत सरपंचांनी विचारलं, आबा, तुमची खोली रिकामी झाली का? मी उभा राहिलो. म्हटलं, तिला सातवा महिना आहे. मागनं कुणी तरी म्हणालं, मग तिला माहेरी धाडा, पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं. सगळ्या सभेनं मान डोलावली. तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, “मग हितंच की. माहेरच हाय तिचं. आमच्या ज्योतिबाची लेक हाय ती.” ‘मानलेली’ असं पुढं म्हणणार होतो, पण एवढे सगळे माझ्याकडं बघत होते की तो शब्द बाहेर आला नाही. पहिल्या ओळीतली एक म्हातारी ताडकन उठली आणि सरपंचांना म्हणाली, “सातव्या म्हैन्यात म्हायेरवाशिणीला गावाभायर काढतोस व्हय रं मुडद्या?” सरपंच म्हणाले, ठराव बाहेरच्यांसाठी आहे, गावच्या लेकींसाठी नाही. मिनिटात मिटलं.

दुसरा ता. क. — अडचण एवढीच की तुला दोन्ही मुलगेच आहेत हे गावाला पाठ आहे. ही लेक कुठली, असं तोंडावर कुणी विचारत नाही, पण तू तिकडं पहिली अकरा वर्षं एकटा होतास आणि धोंडुबाई इथं सासूपाशी होत्या, हे लोकांना फार आठवायला लागलंय. झुनू चोवीस वर्षांची आहे, त्यामुळं ते जुळत नाही, पण गाव जुळवून घेतंय. पारावर तुझ्याविषयीचा आदर एकदम वाढलाय. थोरल्या आळीचा पुतण्या मात्र तलाठ्याकडं जाऊन आला, लेकीला वाटणी द्यावी लागते का विचारायला. आणि रंगूबाईनं व भावकीतल्या बायकांनी मिळून पुढच्या शुक्रवारी डोहाळजेवण काढलंय, हिरवी साडी आणलीय, आणि सगळ्या विचारताहेत, बाप येणार ना? तर माझी मागणी एवढीच आहे की तू ये. धोंडुबाईंना घेऊन ये, म्हणजे बोलणं आपोआप बंद होईल. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. पत्र मी मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. आणि सुरुवातीला काय लिहिलं होतं ते ध्यानात ठेव, धाकट्यानं थोरल्यावर रागवायचं नसतं.

तिसरा ता. क. — झुनूला हे सगळं काल बैकुंठकडून समजावून सांगितलं. मला वाटलं ती हसेल. हसली नाही. ती चार वर्षांची असताना तिचे वडील सुरतेला कामाला गेले, ते परत आलेच नाहीत. जिवंत आहेत का तेही माहीत नाही. तिनं तुझं नाव दोनदा म्हणून बघितलं आणि फोन नंबर मागितला, तो मी दिला. शुक्रवारच्या आधी एकदा फोन करेल. तुला तिची भाषा येते, मला येत नाही, तेव्हा काय बोलायचं ते तुम्ही बापलेक बघून घ्या. ती उचलल्या उचलल्या ‘बाबा’ म्हणणार आहे, म्हणून कृपा करून तो फोन धोंडुबाईंना उचलू देऊ नकोस.